पावडर सगळ्यात शेवटी: म्हातारं पात्र आणि त्याचे भास रंगमंचावर कसे बसवावेत

थंडी पडू लागली आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तारखा जवळ आल्या, की नागपुरातल्या हौशी संस्थांच्या तालमीत एक म्हातारा हमखास सापडतो. बायको वारलेली, पोरगा पुण्यात किंवा बंगळुरात, आणि म्हातारा त्या वारलेल्या बायकोशी गप्पा मारतोय. विषयात खोट नाही. घोळ होतो तो बसवण्याच्या क्रमात. पहिल्याच आठवड्यात केसांना पांढरं फासलं जातं, कंबर वाकते, हात थरथरू लागतो. भास आला की निळा उजेड आणि धूर. मग खरं कुठलं आणि मनातलं कुठलं हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि तिसऱ्या प्रवेशानंतर ते कळून घ्यायची त्याची इच्छाही उरत नाही.

खाली दिलेला क्रम साधारण 40 दिवसांच्या तालमीचा आहे. टप्पे मागेपुढे करू नका. रंगभूषा नवव्या टप्प्यावर का ठेवली, हे तिथे पोचल्यावर कळेल.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून चालतो. आबाजी, वय 78. नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, जुने कामगार. घरात मुलगा, सून, नातू. बायको सुमन सहा वर्षांपूर्वी गेली. नाटक 2025 सालातलं, आणि आबाजींना संध्याकाळी मिलचा भोंगा ऐकू येतो.

सुरुवात करण्याआधी काय जमवायचं

एक दोनशे पानी वही. हात असलेली एक लाकडी खुर्ची आणि बिनहाताचं एक स्टूल. काठी. नटाच्या मापापेक्षा एक नंबर मोठी चप्पल. चष्म्याची रिकामी फ्रेम. दोन कप, दोन बशा. या वस्तू पहिल्या दिवसापासून तालमीत हव्यात. "काठी शोच्या दिवशी आणू" म्हणणाऱ्या संस्थेचा आबाजी शोच्या दिवशी काठी छत्रीसारखी धरतो, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

टप्पा 1: खऱ्या-खोट्याची वही

हालचालींना हात लावण्याआधी सगळ्यांनी बसून संहितेचं प्रवेशवार वाचन करा आणि वहीत चार रकाने आखा. पहिल्यात घटना. दुसऱ्यात ती कोणाला दिसते. तिसऱ्यात ती खरोखर घडली का. चौथ्यात तिचा मागे काय पुरावा उरतो.

तिसऱ्या रकान्यात "माहीत नाही" लिहायला दिग्दर्शकाला मनाई आहे. प्रेक्षकाला शंका राहिली तर चालेल, ती कदाचित हवीही असेल. पण ती तुम्ही ठरवून ठेवलेली असली पाहिजे. स्वतः दिग्दर्शकच गोंधळलेला असेल तर त्याला गूढता म्हणत नाहीत.

चौथा रकाना सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि नाटक तिथेच सुटतं. समजा सुमन येते आणि चहा करून देते. सुमन खरी नाही. मग तो कप टेबलावर आला कुठून? याचं उत्तर वहीत हवं: आबाजींनी स्वतःच दोन कप काढून ठेवलेत. म्हणजे सुमन जे जे "करते", ते सगळं आबाजींच्या हातून झालेलं असू शकतं का, हे प्रत्येक ओळीला तपासायचं. सुमनने दार आतून लावलं, पण आबाजी तेव्हा खुर्चीत बसलेले होते? ती ओळ बदला.

दुसरा प्रश्न: भास नेमका कुठल्या जातीचा? आपल्याकडे दोरीचा साप हे उदाहरण शेकडो वर्षं चालत आलंय, ते इथे फार कामाचं आहे. दोरी आहे आणि साप दिसला, ही एक गोष्ट. दोरीच नाही आणि साप दिसला, ही दुसरी. घरात साप नाहीच, पण "सून माझ्या गादीखाली साप सोडते" अशी पक्की समजूत झाली, ही तिसरी. खुंटीवरच्या शालीत सुमन दिसणं, रिकाम्या खोलीत सुमन दिसणं आणि "माझे पैसे सुनेनं चोरले" हे धरून बसणं, या तिघांना नटाचं वागणं वेगळं लागतं. पहिल्यात नजर वस्तूवर असते. दुसऱ्यात रिकाम्या जागेवर. तिसऱ्यात डोळ्यांना काही दिसतच नसतं, फक्त संशय असतो.

> सावधान: सगळे आजार एकाच म्हाताऱ्याच्या डोक्यावर लादू नका. नुसत्या वयाच्या विसरभोळेपणात माणूस किल्ली कुठे ठेवली ते विसरतो; स्मृतिभ्रंशात किल्ली कशासाठी असते तेच विसरू लागतो. स्मृतिभ्रंशात सहसा ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. काही प्रकारांत खोलीत माणसं, लहान मुलं, प्राणी स्पष्ट दिसतात. आणि नजर खूप कमी झालेल्या काहींना चित्रं दिसतात, पण ती खरी नाहीत हे त्यांना बहुधा कळत असतं. लेखकाशी बोलून एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

टप्पा 2: वयाचा हिशेब

पाच मिनिटांचं काम, तरी कोणी करत नाही. 2025 मध्ये 78 म्हणजे जन्म 1947. अठराव्या वर्षी मिलमध्ये लागले असतील तर 1965. एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली, म्हणजे तेव्हा आबाजी 55 वर्षांचे. निवृत्तीचा हार नाही, भाषण नाही. एक दिवस काम होतं, मग नव्हतं. हे कळलं की भोंगा का ऐकू येतो ते नटाला वेगळं समजवावं लागत नाही.

आता भासातलं साल ठरवा. 1974 धरलं तर आबाजी 27 चे आणि सुमन विशीतली. मग ती भासात 68 वर्षांची होऊन, पांढऱ्या केसांनी का येते? यावं की नाही, दोन्ही चालेल, पण ठरवा. त्या काळातली बायको नवऱ्याला नावाने हाक मारणार नाही. "अहो, डबा राहिला ना" असंच म्हणेल. मिलच्या जागेवर आता एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे, हेही वहीत लिहून ठेवा. आबाजी डबा घेऊन मिलच्या फाटकाशी जातात आणि समोर काचेची दारं नि सरकता जिना, असा प्रवेश लिहिलात तर खरं कोणतं हे ठरवताना प्रेक्षकही क्षणभर अडखळेल. या शहरात वास्तवच एवढं भासासारखं वागतं, की लेखकाला फार काही रचावं लागत नाही.

टप्पा 3: बघायला जा

नाटकं बघून म्हातारा शिकू नका. तुम्ही ज्या नटाला बघाल, त्याने दुसऱ्या नटाला बघून केलेलं असेल.

नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. तालमीही त्याच सुमाराला सुरू असतात. सकाळी कुठल्याही बँकेत तासभर बसा. (आपण जिवंत आहोत हे रांगेत उभं राहून सिद्ध करणारा माणूस, खऱ्या-खोट्याच्या नाटकाला याहून चांगली शाळा कुठली?) मागच्या वर्षी मी एका आजोबांना पाहिलं. सही करायची होती. त्यांनी आधी काठी टेबलाला टेकवली. ती घसरली. उचलायला न वाकता त्यांनी पायानेच ती भिंतीशी सरकवली. मग चष्मा बदलला. पेन हातात घेतल्यावर कागद जवळ न ओढता स्वतःची मान मागे नेली. सही झाल्यावर पहिल्यांदा कोणाकडे पाहिलं तर मागच्या माणसाकडे, "थांबवलं बा तुम्हाला" अशा नजरेने. सगळं मिळून दीड मिनिट. त्यात एकदाही कंबरेवर हात गेला नाही, एकदाही "हे राम" नाही.

बघताना एकच गोष्ट टिपा: काय जमत नाही हे सोडा, ते लपवायला हा माणूस काय युक्ती करतो? प्रत्येक नटाने अशा दहा युक्त्या लिहून आणाव्यात. म्हातारा माणूस दिवसभर म्हातारा न दिसण्याची खटपट करत असतो. तरुण नट म्हातारा दिसण्याची खटपट करतो. सोंग उघडं पडतं ते इथे.

मोबाइलवर अनोळखी माणसांचं चित्रीकरण करू नका. डोळ्यांनी बघा, बाहेर आल्यावर लिहा.

टप्पा 4: शरीर

याला सगळ्यात जास्त दिवस द्या, किमान बारा. संवाद न घेता, नुसत्या वस्तूंबरोबर.

खुर्चीपासून सुरुवात करा. तरुण माणूस उठतो तेव्हा विचार करत नाही. आबाजींना उठणं हे चार कामांचं काम आहे: आधी बूड पुढे काठापर्यंत सरकवायचं, मग पाय मागे घ्यायचे, मग खुर्चीच्या हातांवर जोर देत डोकं पायांच्या बोटांच्या पुढे न्यायचं, आणि उभं झाल्यावर लगेच चालायचं नाही. उठल्याबरोबर रक्तदाब उतरून गरगरू शकतं, म्हणून एक श्वास थांबायचं. तो एक श्वास कुठल्याही पांढऱ्या केसांपेक्षा जास्त वय सांगतो. हेच आता बिनहाताच्या स्टुलावर करा. हात कुठे जातात? मांड्यांवर. आता सून समोर उभी आहे आणि तिच्यापुढे धडपड दिसू द्यायची नाही, असं करून बघा. इथे अभिनय सुरू झाला.

वळणं. तरुण माणूस एका टाचेवर गर्रकन वळतो. म्हातारपणी मान, खांदे, कंबर एकत्र वळतात आणि पाय तीन-चार छोटी पावलं टाकत मागून येतात. मागून हाक आली तर नुसती मान फिरवणं ही शोच्या दिवशी सर्रास होणारी चूक आहे, कारण हाक दचकवते आणि नट पंचविशीत परततो. पन्नास वेळा मागून हाक मारून सराव घ्या.

चालणं: पावलं आखूड, दोन पायांतलं अंतर थोडं जास्त, हात कमी हलतात. कंबरेतून वाकणं आवश्यक नाहीच. वाक आलाच तर तो पाठीच्या वरच्या भागात येतो आणि समोर बघता यावं म्हणून हनुवटी पुढे निघते. कंबरेत काटकोन करून दोन तास चालणारा नट दुसऱ्या अंकात स्वतःच खऱ्याखुऱ्या कंबरदुखीने वाकतो, ते वेगळं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबरच पुढे पडते. उंची: चप्पल घालून सरळ उभं राहून हात सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत. पायरी चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. सेटवर दोन पायऱ्यांची लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, असेल तर हे रोज घोटा. सभागृहात पाचव्या रांगेत गुडघेदुखीवाले बसलेले असतात आणि त्यांना पाय चुकलेला लगेच दिसतो.

हात थरथरण्याबद्दल. थरथरलाच पाहिजे असं काही नाही. पण हवाच असेल तर जात ठरवा. पार्किन्सनची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि कप उचलायला हात पुढे गेला की कमी होते. दुसरी एक थरथर नेमकी उलट: मांडीवर हात शांत, कप उचलला की बशी वाजू लागते. आपले नट दोन्ही एकदम करतात, आणि रागाचा संवाद आला की दोन्ही विसरतात.

आबाजींचे कान तर विशेष. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, त्यात वय. अशा वेळी उंच पट्टीचे आवाज आधी जातात. आवाज ऐकू येतो, पण स, श, त, फ निसटतात, म्हणून शब्द लागत नाही. "काय?" असं दर वाक्याला ओरडू नका. आबाजी समोरच्याच्या ओठांकडे बघतात, अंदाजाने उत्तर देतात, आणि अंदाज चुकतो:

सून: "आबाजी, शाल घेता का?"
आबाजी: "साल? पंच्याहत्तर असन. नाही... चौऱ्याहत्तर."

इथे ऐकू न येणं आणि भासात शिरणं एकाच वाक्यात झालं. असे दुवे शोधा, सोन्याच्या भावाचे असतात.

> तपासा: नटाला साधा पांढरा सदरा घालून, रंगभूषा न करता, पाठमोरं चालवा. नाटकाशी संबंध नसलेल्या कोणालातरी विचारा, "याचं वय काय?" उत्तर साठीच्या आत आलं तर पाचव्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 5: बोली

थोडक्यात सांगतो. आवाज घोगरा करू नका. दोन प्रयोगांत घसा बसतो. वय श्वासात आणा: वाक्य लांब असेल तर मध्ये, अर्थाच्या जागी, श्वास घ्या. नागपूरच्या महाल, इतवारी भागातला म्हातारा "करून राह्यला", "कायले", "बावा" बोलेल आणि मध्येच हिंदी शब्दही येईल. सून शिकलेली, धरमपेठेतली असेल तर तिची भाषा निराळी. वऱ्हाडी-नागपुरी बोली हशा काढायला वापरू नका. भासात आबाजींची बोली जास्त मोकळी होते का, सुनेपुढे आवरती होते का, हे ठरवलंत तर प्रेक्षक नुसत्या कानाने ओळखेल की आबाजी आत्ता कोणत्या सालात आहेत.

टप्पा 6: भासाचे नियम भिंतीवर चिकटवा

आता सुमनला तालमीत आणा, आधी नको. आबाजी उभा राहण्याआधी सुमन आली की ती गोड बोलते, सगळे तिच्याकडे बघतात आणि म्हातारा नुसता ऐकणारा उरतो.

पाच-सहा नियम मोठ्या अक्षरांत लिहून तालमीच्या खोलीत लावा. आमच्या आबाजींसाठी मी हे ठेवीन:

1. सुमन दारातून येत नाही. आपण बघतो तेव्हा ती आधीपासून तिथे असते.
2. ती खऱ्या वस्तू हलवत नाही. तिला कप हवा तर आबाजी देतात.
3. बाकी कोणी तिच्याकडे बघत नाही आणि तिला टाळूनही चालत नाही.
4. आबाजींसाठी ती शंभर टक्के खरी आहे. ते तिच्याशी वेगळ्या, स्वप्नाळू सुरात बोलत नाहीत.
5. खरं माणूस बोललं की ती थांबते. नाहीशी होत नाही, वाट बघते.

तिसरा नियम ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. सून खोलीत आली की तिचे पाय आपोआप सुमनला वळसा घालतात, कारण नटी म्हणून तिला समोर माणूस दिसतोय. यावर उपाय: सुनेच्या हालचाली सुमनशिवाय आधी पक्क्या बसवा, जमिनीवर खडूच्या खुणा करून. मग सुमनला त्या रेषांच्या अधेमधे बसवा. वळसा सुमनने घालायचा.

चौथ्याचं महत्त्व दिग्दर्शकांना कळत नाही. "तो भासात आहे" असं म्हटलं की नट नजर शून्यात लावतो, आवाज हळवा करतो. आबाजी बायकोशी बोलतायत हो! आणि बायकोशी चाळीस वर्षांनंतर माणूस कसा बोलतो? "मीठ नाही यात" असा. भासातला प्रवेश जितका घरगुती, तितका तो प्रेक्षकाच्या पोटात जातो. उलट खरा प्रवेश, म्हणजे मुलगा आणि डॉक्टर यांचं संभाषण, आबाजींना अनोळखी, तुटक, वेगात चाललेलं वाटू द्या.

एक नियम नाटकात एकदाच, मुद्दाम मोडा. दोनदा मोडला तर तो नियमच नव्हता असं होतं.

आरसा. आरशातला म्हातारा आपणच, हे स्मृतिभ्रंशात काहींना ओळखू येत नाही. त्यांना तो घरात घुसलेला परका माणूस वाटतो. म्हातारपण आणि भास हे दोन्ही विषय तुम्हाला एकाच वस्तूत हवे असतील तर ही ती वस्तू. पण खरी काच लावू नका. स्पॉटचा उजेड उलटून थेट प्रेक्षकांच्या डोळ्यात जातो. रिकामी चौकट वापरा. काचच हवी असेल तर तिच्यावर साबणाची कोरडी वडी घासून ती मंद करा.

> सावधान: प्रेक्षक हसेल अशा जागी भास ठेवलात तर तो का हसतोय ते बघा. आबाजींच्या हजरजबाबीपणावर हसला तर ठीक. विसरण्यावर हसला तर प्रवेश पुन्हा बसवा. ज्यांच्या घरात असा माणूस आहे अशा कोणालातरी या टप्प्यावर तालमीला बोलवा आणि ते गप्प राहिले तर त्या गप्पपणाचाही अर्थ लावा.

टप्पा 7: सांधे

खऱ्यातून भासात जायची आणि भासातून खऱ्यात यायची जागा, म्हणजे सांधा. वहीतून सगळे सांधे मोजा. दोन अंकी नाटकात ते आठ-नऊच्या वर गेले असतील तर कापा.

भासात शिरणं हळू ठेवा, बाहेर येणं झटक्यात. खऱ्या आयुष्यात बाहेरचं कोणीतरी हाक मारतं, भांडं पडतं, फोन वाजतो. शिरताना मात्र प्रेक्षकाला नेमका क्षण कळूच नये. चहाचा प्रवेश घ्या. आबाजी एकटे. एक कप ठेवतात. दुसरा ठेवतात. दुसऱ्या कपाखाली बशी नीट करतात. "साखर कमी टाकजो" म्हणतात, आणि मागे, विंगेजवळच्या मोढ्यावर, सुमन केव्हापासून बसलेली आहे. मग पूर्ण प्रवेश होतो. मग सून येते. सुमन थांबते. सुनेला टेबलावर दोन कप दिसतात, एक भरलेला, थंड. ती काही बोलत नाही. दुसरा कप उचलते, विसळते, पालथा घालते. आबाजी त्या पालथ्या कपाकडे बघतात.

हा मूक भाग मोजून वीस सेकंद तरी चालू द्या. इथे पार्श्वसंगीत घालणाऱ्याला मी तालमीतून बाहेर काढेन.

टप्पा 8: उजेड आणि आवाज

निळा जेल (दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद) आणि धूर घरी ठेवा. भासासाठी रंग बदलण्यापेक्षा उजेडाची बाजू बदला: खरं घर वरून येणाऱ्या सपाट उजेडात, आणि भासात तोच उजेड खिडकीच्या बाजूने, आडवा, उबदार. उजेड इतक्या सावकाश कमीजास्त करा की प्रकाशयोजनाकाराला स्वतःलाच कंटाळा येईल. चाळीस सेकंदही चालतील. स्मृतिभ्रंशातली अस्वस्थता अनेकांना संध्याकाळी वाढते, तेव्हा तिन्हीसांजेचा उजेड हा नुसता सजावटीचा नाही.

आवाजाचं गणित सोपं, पण स्पीकर दोन जागी हवेत. खरे आवाज, म्हणजे कुकरची शिट्टी, नातवाचा मोबाइल, दूरची मेट्रो, सेटच्या मागे ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून. भोंगा मात्र सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून. म्हणजे घरातले आवाज घरातून येतात आणि भोंगा प्रेक्षकाच्या डोक्यात वाजतो, जसा आबाजींच्या डोक्यात. मेट्रो 2019 पासून धावतेय, तेव्हा ती ऐकू आली की साल आपोआप कळतं. भोंग्यासाठी पोलिसांचा किंवा रुग्णवाहिकेचा सायरन लावू नका. मिलचा भोंगा म्हणजे एकसलग, लांब, जाड सूर.

आणि भोंगा वाजताना बाकीच्या नटांनी बोलणं थांबवायचं नाही. त्यांना तो ऐकू येत नाही. दहापैकी नऊ तालमींत ते थांबतात.

> तपासा: उजेडाचा फरक शेवटच्या रांगेत बसून डोळ्यांनी बघा. मोबाइलचा कॅमेरा उजेड आपोआप सारखा करतो, त्यावर विसंबू नका.

टप्पा 9: रंगभूषा

आता पावडर.

चोवीस वर्षांचा असताना मी एका नाटकात आजोबा केले होते. केसांत टाल्कम पावडरचा अर्धा डबा. शेवटच्या प्रवेशात नातवाने येऊन मिठी मारली आणि स्पॉटमध्ये पांढरा ढग उठला. नातू शिंकला. त्या नाटकात मी मरतो, आणि मरताना पहिल्या तीन रांगा हसत होत्या.

तेव्हा केसांसाठी पाण्यात कालवून ब्रशने लावायचा रंग घ्या. शुभ्र पांढरा नको, उजेडात तो निळसर मारतो. किंचित पिवळट राखाडी करा. आधी कानशिलं, मग भुवया, मग पुढचे केस. सगळं डोकं रंगवायची गरज नसते.

सुरकुत्या चेहऱ्यावर आहेत तिथेच काढायच्या. नटाला भुवया उंचावायला, कपाळाला आठ्या घालायला, हसायला सांगा. घडी पडते तिथे तपकिरी बारीक रेघ आणि तिच्या लगेच शेजारी फिका उजळ पट्टा. काळी पेन्सिल नको. रेघ एका बाजूने बोटाने पुसट करा, दुसरी बाजू धारदार राहू द्या. द्रव लॅटेक्स वापरणार असाल तर कातडी ताणून धरायची, पातळ थर लावायचा, पूर्ण सुकवायचा, वर पावडर मारायची, मगच सोडायची.

> सावधान: लॅटेक्सची काहींना ॲलर्जी असते. निदान एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. भुवया आणि मिशीवर व्हॅसलीन लावल्याशिवाय लॅटेक्स जवळही आणू नका. काढताना केस उपटून येतात. क्रेपची (नकली केसांची) मिशी गमने लावली असेल तर ओढू नका, गम सोडवायचा रिमूव्हर सोबत ठेवा.

मान, कान आणि हातांचे पंजे विसरले जातात. आबाजी पूर्ण नाटकभर कप हाताळतात. पंजा पंचविशीतला दिसला तर चेहऱ्यावरचं दोन तासांचं काम वाया. आणि भासात आबाजी 27 चे झाले म्हणून रंगभूषा बदलायची नाही. चेहरा म्हाताराच ठेवा, फक्त शरीर सोडा: खुर्चीतून एकदाच, हात न टेकता, ताडकन उठू द्या. चौथ्या टप्प्यावरचे बारा दिवस याच एका उठण्यासाठी होते. आधी दीड तास चार हप्त्यांत उठणारा माणूस दाखवला नसेल तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

टप्पा 10: रंगीत तालीम आणि प्रयोगाचा दिवस

स्पर्धेत सेट लावायला मिळणारा वेळ तुटपुंजा. म्हणून निदान दोन रंगीत तालमी पूर्ण वस्तूंसह करा, त्यातली एक थांबवाथांबवी न करता. पहिलीत सांधे बघा, दुसरीत फक्त वस्तू: प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी कोणता कप कुठे आहे, हे एका माणसाने वहीशी ताडून बघायचं. बाकी काही काम त्याला देऊ नका.

सभागृहात पोचल्यावर नटाने आधी रंगभूषेच्या खोलीत शिरायचं नाही. आधी मंचावर जाऊन खुर्चीत बसून उठायचं, चारही बाजूंनी. लेव्हलची पायरी चढायची, उतरायची. नागपुरातलं सायंटिफिक सभागृह असो की वसंतराव देशपांडे सभागृह, तालमीच्या खोलीपेक्षा अंतरं मोठी असतात आणि आखूड पावलांनी टेबलापासून दारापर्यंत जायला दुप्पट वेळ लागतो. तो वेळ भरून काढायला नट भरभर चालतो आणि सगळं मातीत जातं. त्यापेक्षा टेबल दोन हात पुढे ओढा.

काठीच्या तळाचं रबर तपासा. नसेल तर लाकडी मंचावर दर पावलाला ठक वाजतो, आणि सुमनच्या वाक्यांवर तो नेमका पडतो. जास्तीचं रबर खिशात ठेवा. तिसऱ्या घंटेआधी दोन्ही कप जागेवर आहेत का ते बघा. एक उलटा, एक सुलटा.